पोर्तुगालचं बिस्कीट

८ ऑगस्ट. कोलीन, चेक प्रजासत्ताक.
उद्या निघते. एकटीच. मुलगी राद्का म्हणते, आई, बासष्टाव्या वर्षी युरोप पालथा घालायचं हे काय वेड? वेड नाही, काम आहे. २७ तारखेला कॅलेंडरात नवऱ्याच्या, ओताकरच्या, नावाचा दिवस, वाढदिवसासारखाच साजरा होणारा. तो गेल्यानंतरचा पहिलाच. त्याचे ट्रकवाले मित्र कॉफीला येणार, आणि कॉफीबरोबर त्याचं पोर्तुगालचं बिस्कीट हवंच. एकतीस वर्षं दर फेरीहून आणायचा, निळ्या डब्यात भरून. पाकीट मी कधी पाहिलं नाही. ट्रकमध्ये पाकिटं चुरडतात म्हणायचा. म्हणजे नाव माहीत नाही. डब्यात शेवटची तीन आहेत, नमुना म्हणून नेते.

त्याचा ट्रकवरचा जोडीदार लुबोश याला फोन करून विचारलं, नेमकं कुठलं दुकान? बिचाऱ्याला खोकल्याची उबळच आली. कांद्याचा रस मधातून घे म्हटलं.

निश्चय: रोज एक संग्रहालय. खाऊ फक्त तपासापुरता. रडणं नाही. मी आता पुरती सावरले आहे.

११ ऑगस्ट, रविवार. न्युरेम्बर्गच्या बाहेर.
जर्मनीत रविवारी दुकानं बंद. ओताकर शंभरदा सांगायचा, रविवारी ट्रकही उभा आणि पावही मिळत नाही. विसरले. दुपारी एक नमुना खाल्ला. भुकेनं नव्हे. तपास करणाऱ्याच्या जिभेवर चव ताजी असावी. लिंबाचा वास, कडेला दाते, वर जाड साखर. पक्कं.

संग्रहालय उघडं होतं. उपाशीपोटी कला पाहू नये.

१२ ऑगस्ट. सकाळी सात.
दुकानाचं दार उघडताच आत. एक अख्खी भिंत बिस्किटांची! शेंगदाण्याचे फुगीर कुरकुरे घेतले. खारट असल्यामुळे ते खाऊत मोडत नाहीत. पाकिटावरचा मजकूर शब्दकोश घेऊन शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. शाळा नववीत सुटली, पण लाँड्रीत इस्त्री करत करत मी गावचं वाचनालय संपवलंय. पाकीट काय चीज आहे.

१६ ऑगस्ट. लियाँ.
चिप्सना भाजलेल्या कोंबडीची चव. पाकिटावरच्या घटकांच्या यादीत कोंबडी कुठेच नाही. बाकावर बसून एकटीच हसत सुटले. समोरच्या बाईनं मुलाला जवळ ओढलं.

लोण्याची बिस्किटं सात प्रकारची. सातही शास्त्रशुद्ध तपासली: एक घास त्यांचा, एक कण नमुन्याचा. नमुना क्रमांक दोन निम्मा झाला.

संग्रहालयाच्या दारापर्यंत गेले. पिशवी बाहेर ठेवा म्हणाले. पिशवी कशी सोडणार?

२० ऑगस्ट. सारागोसा, स्पेन.
चिप्सना सुकवलेल्या मांसाची चव. या लोकांच्या बटाट्याला स्वतःचं असं काही मत नाही.

चौकात एउसेबिओ नावाच्या आजोबांशेजारी बसून सूर्यफुलाच्या बिया फोडल्या. ते तरुणपणी जर्मनीत कामाला होते, त्यामुळे दोघांचं मोडकं जर्मन जुळलं. म्हणाले, "बाई, तुम्ही बी खाताय की तिच्याशी भांडताय?" मग दातांत उभी कशी धरायची ते दाखवलं. संध्याकाळपर्यंत मी त्यांना मागे टाकलं होतं.

उरलेला अर्धा नमुना ओळखायला दिला. त्यांनी तो सरळ तोंडात टाकला. चांगलं आहे म्हणाले, पण ओळखत नाही. कोणासाठी शोधताय? नवऱ्यासाठी. ते कुठे असतात?

कामावर आहेत, म्हटलं. माझं जर्मन कच्चं आहे, म्हणून असं झालं.

एक नमुना पुष्कळ झाला.

२३ ऑगस्ट. पोर्तो.
अखेर पोर्तुगाल! आज काम फत्ते. चार दुकानं हेरून ठेवली आहेत.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
चौथ्या दुकानातल्या मुलीसमोर निळा डबा उघडला, तर आत चुरा. बसमध्ये झालं असणार. तिनं आदबीनं कचऱ्याची टोपली पुढे केली. फोनवरून भाषांतर करून सगळं समजावलं. तिनं बोटाला लावून चव घेतली, दोन मोठ्या बायकांनाही बोलावलं. तिघींनी माना हलवल्या. "आजी, हे आमच्याकडचं नाही." नव्या असतील नोकरीत.

नदीकाठी बसून चुरा संपवला. ठेवून उपयोग नव्हता. डोळ्यांना धार लागली ती लाल मिरचीच्या चिप्समुळे. परत घेणार नाही.

(चिप्स उद्या उघडेन.)

२७ ऑगस्ट. कोलीन.
बस सकाळी ट्रकडेपोसमोर थांबली. गावाच्या या टोकाला मी कधी येत नाही. घरात कॉफी नव्हती, म्हणून समोरच्या दुकानात शिरले. कॉफीच्या खाली, सगळ्यात तळाच्या फळीवर, लिंबाचं चित्र असलेलं पिवळं पाकीट. कडेला दाते, वर जाड साखर. खाली लिहिलेला मजकूर शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. शब्दकोश लागला नाही.

गल्ल्यावरच्या बाईंना विचारलं, हे कधीपासून ठेवता? पूर्वीपासून, म्हणाल्या, पण आता खपत नाही. एक ट्रकवाले काका होते, ओताकर नावाचे. घरी जाता जाता दोन पाकिटं घ्यायचे आणि इथंच उभं राहून निळ्या डब्यात ओतायचे.

"मी एकदा म्हटलं, बायकोला आणा की इकडे. तर म्हणाले, तिनं हे दुकान पाहिलं तर माझा परदेश बुडाला."

मी दोन पाकिटं घेतली. मग तिथंच उभी राहून डब्यात ओतली.

दुपारी पाचजण आले. लुबोश कोपऱ्यात बसला आणि हळूच म्हणाला, "वहिनी, आम्ही तिकडे गोदामांशिवाय काय पाहिलं? दुकानाजवळ ट्रक लागतच नाही." मी त्याच्यापुढे डबा धरला.

शेजारीण बोझेनानं एक चावलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "परदेशी माल लगेच कळतो बाई. आपल्याकडे नाही अशी चव."

पोर्तुगालचं आहे, मी म्हटलं.

लुबोशला खोकल्याची उबळ आली. या खेपेला मी कांदा सुचवला नाही.