साडूभाऊंचा रिफंड आणि माझा

गारगोटी,
रविवार

तीर्थस्वरूप साडूभाऊ अभिनंदन यांस अण्णाप्पाचा जय जिनेंद्र.

तुमचा गुडघा आता कसा आहे? आक्कांचा गुडघा ठणठणीत दिसतो, कारण नव्या पाण्याच्या फिल्टरशेजारी उभं राहून काढलेला त्यांचा फोटो ग्रुपवर पाहिला. फोटोखाली तुम्ही ‘इन्कमटॅक्सचा रिफंड आला, रु. ९,८४०’ असंही लिहिलं होतंत. (आकडा लिहायची गरज नव्हती.) हे पत्र मुद्दाम तुमच्या शाळेच्या पत्त्यावर पाठवतोय. फोन केला तर तुमची मेहुणी विजयमाला शेजारीच बसलेली असते, आणि माझ्या मोबाईलवर आलेलं माझ्याआधी तीच वाचते.

मला रिफंड आला ५,४७०. आपण दोघे एकाच वर्षी नोकरीला लागलो, पगार सारखा, विम्याचे हप्ते सारखे (ते तुम्हीच माझ्या गळ्यात मारलेत), आणि विवरणपत्रंही कोल्हापुरात रुचिता मॅडमकडून एकाच दिवशी भरून घेतली. मग तुम्हाला फिल्टर आणि मला त्याची तोटी, असं का? आठ दिवस मला जेवण गोड लागलं नाही. तुम्ही मॅडमना जाताना काजू नेले असणार, इथपर्यंत माझं मन गेलं. त्याबद्दल क्षमा असावी.

मागल्या आठवड्यात शनिवारी सकाळची शाळा सुटली आणि तशीच एसटी पकडली. मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. बँकेनं माझ्या नावावर एकवीस हजार रुपये व्याज कळवलं होतं. त्याच्यावरचा कर वजा होऊन रिफंड कमी झाला होता. तीन लाखांची मुदत ठेव. “सर, भरताना तुम्हाला वाचून दाखवलं होतं की. तुम्ही व्हय व्हय म्हणालात.” (मी तेव्हा तुमचा आकडा डोकावून बघत होतो.) मी म्हटलं, “मॅडम, माझ्याकडं तीन लाख असते तर मी एसटीत उभा राहून आलो असतो काय?”

सोमवारी गारगोटीच्या बँकेत गेलो. तिथल्या कृष्णात क्लार्कनं फाईल काढली. अर्जावर सही माझीच. गॅसची केवायसी म्हणून विजयमालेनं पुढं केलेला कागद मी ताटावर बसून न वाचता सही करून दिला होता, तो हाच. पाच-सहा वर्षं ब्लाऊज शिवून तिनं पैसे साठवले, आणि ठेवले माझ्या नावावर. कृष्णात म्हणाला, “काकूंनी सांगितलंय, सरांना कळू देऊ नका. कळलं तर परत कोंबड्या आणतील.” (कडकनाथचे ऐंशी हजार बुडाले ते तुम्हाला माहीत आहेच. पिल्लं चांगली होती, माणसं वाईट निघाली.)

इथवर मला रागही आला नव्हता. उलट बाकावर बसून डोळे पुसले. मग कृष्णातनं वारसाचा कागद दाखवला. साक्षीदार : अभिनंदन चौगुले.

साडूभाऊ, रिफंडात तुम्ही पुढं गेलात, ते सोसलं. फिल्टर सोसला. पण माझ्या बायकोनं आयुष्यातलं सगळ्यात मोठं गुपित सांगायला तुम्हाला निवडलं, आणि तुम्ही दीड वर्ष माझ्याकडं जेवायला येऊन, माझ्या समोर बसून, चटणी वाढून घेत काही बोलला नाहीत. हे मला गिळवत नाही. माझ्यात असं काय कमी आहे, एवढं एका ओळीनं कळवा.

आक्कांना नमस्कार.

आपला,
अण्णाप्पा मगदूम

ता. क. माझ्या नावावर अजून काही असेल तर तेही कळवावं, म्हणजे पुढच्या रिफंडाचा अंदाज बांधता येईल.

ता. ता. क. मूळ काम राहिलंच. मला कळलंय हे विजयमालेला अजून माहीत नाही, आणि माझ्या तोंडातून ते निघत नाही. मार्चमध्ये ठेवीची मुदत संपते. मी रागावलेलो नाही, कोंबड्या आणणार नाही आणि बँकेत तिच्याबरोबर या खेपेला मी जाईन, हे तिला तुम्हीच सांगा. तुमचं ती ऐकते.