कोठारवाडीचा शून्य खोडून एक करणेबाबत

प्रति,
मा. गणना अधिकारी साहेब,
बालमधुमेह गणना कक्ष,
उपकार्यालय वडवणी, जि. बीड

अर्जदार : वैजिनाथ केदारनाथ शेटे, वय ६४, धंदा किराणा दुकान, रा. कोठारवाडी, ता. वडवणी

विषय : मौजे कोठारवाडी येथील मधुमेही बालकांची संख्या आधी अकरा व नंतर शून्य दाखविली असून ती एक करणेबाबत, व त्या एका बालिकेस इन्सुलिन मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचाच फेब्रुवारीतील अर्ज. २) त्यास आठ दिवसांत आलेले आपले उत्तर.

महोदय,

१) अर्जदार संशयी आहे, हे गावात कोणीही सांगेल, तेव्हा ते अर्जदारानेच आधी नमूद केलेले बरे. किराणा दुकानात जन्म गेलेल्या माणसाने तराजूचा पासंग बघितल्याशिवाय माप खरे मानू नये, असे त्यास वाटते. आपल्या कक्षाशी त्याचे जे काही वाकडे आले ते या सवयीपायी आले. व्यक्तिशः आपणाशी त्याचे वैर नाही.

२) मागील वर्षी आपल्या तक्त्यात कोठारवाडीपुढे शून्य होता. यंदा संक्रांतीच्या दिवशी शाळेत तपासणी झाली आणि एकदम अकरा मुलांना साखर निघाली. तालुकाभर बोभाटा झाला. बालमधुमेहाचे प्रमाण गावात अकरा पटीने वाढले, असे छापून आले. शून्याची अकरा पट किती, हे अर्जदाराने दुकानात बसून काढून पाहिले, पण जमले नाही. गावाने मात्र सगळे खापर अर्जदाराच्या डोक्यावर फोडले. मेंढरे राखणारे आप्पाराव यांनी दुकानासमोर उभे राहून चारचौघांत सुनावले, "वैजिनाथअण्णा, तुमच्या बरणीतल्या गोळ्यांनीच पोरं नासली. आता झाकण लावून काय उपेग?" आप्पाराव यांचा नातू अकरांत होता. अर्जदाराची नात शिवांजली, इयत्ता चौथी, हीसुद्धा अकरांतच होती. त्याने बरणी उचलून आत नेऊन ठेवली.

३) मग अर्जदाराने चौकशी केली. त्या दिवशी हेडमास्तरांनी हौसेने मुलांना ओळीत उभे करून प्रत्येकाच्या हातावर तिळगूळ ठेवला होता, आणि तीच ओळ पुढे सरकत आरोग्यसेविका करिष्माताई यांच्या टेबलापाशी गेली होती. कोणी बोटे चाटली, कोणी सदऱ्याला पुसली. धुतली कोणीच नाहीत. अर्जदाराने करिष्माताईंना दुकानात बोलावले, स्वतःच्या बोटाला गूळ चोळला आणि सुई टोचून घेतली. यंत्राने अर्जदारास भयंकर मधुमेही ठरविले. हात धुऊन दुसरे बोट पुढे केले, तर अर्जदार ठणठणीत निघाला. करिष्माताईंचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "अण्णा, हात धुवायला पाणीच ठेवलेलं नव्हतं. अन् वरून फोनवर फोन, आकडा पाठवा म्हून."

४) ही हकीकत लिहून अर्जदाराने अकराच्या अकरा नावे रद्द करण्याची मागणी केली, तोच संदर्भातील पहिला अर्ज. महोदय, अर्जदाराने आजवर नळाचे पाणी, गावचा रस्ता व स्मशानाची वाट या विषयांवर जे अर्ज केले, त्यांपैकी एकालाही उत्तर आलेले नाही. याला मात्र आठ दिवसांत आले. तेही गाडीने, माणसाच्या हाती. अकरा खोडून शून्य केला होता, आणि एकाही मुलाचे बोट पुन्हा तपासलेले नव्हते. अर्जदाराच्या मनात पाल चुकचुकली. परंतु गावात त्याची वाहवा चालली होती, बरणी पुन्हा गल्ल्याशेजारी आली होती, आणि खरे सांगायचे तर अर्जदारास ते सर्व फार गोड लागत होते. त्यामुळे त्याने संशय बाजूस ठेवला.

५) फेब्रुवारी सरता सरता शिवांजली पाणी पाणी करू लागली. शाळेतून आली की दप्तर टाकून घागरीपाशीच बसायची. डोळे खोल गेले, परकर कमरेवर ठरेना. सून रोहिणी म्हणाली, "मामा, पोरीचं लक्षण बरं दिसत न्हाई. लई पाणी पितीय, अन् खाल्लेलं अंगाला लागंना." अर्जदार म्हणाला, ऊन वाढले आहे. ती म्हणाली, संक्रांतीला हिच्याही नावापुढे साखर निघाली होती. अर्जदार म्हणाला, तो तिळगूळ होता, व ते शासनानेही मान्य केले आहे. तेव्हा सून पदर खोचून म्हणाली, "साऱ्या जगाचा संशय घेता तुमी. मग घरातच कामून घेत न्हाई?" अर्जदाराने करिष्माताईंना निरोप धाडला.

६) अर्जदाराने दुकानाचे शटर ओढून करिष्माताईंना आत घेतले, आणि नातीचे हात स्वतः धुतले. साबण लावून धुतले, पुन्हा धुतले, नखांत काडी फिरविली, कोऱ्या पंच्याने पुसले. यंत्राने आकडाच दाखविला नाही. करिष्माताई म्हणाल्या, साखर यंत्राच्या मापापलीकडे गेली आहे. अर्जदाराने यंत्राचा संशय घेतला व आपले बोट दिले. यंत्र बरोबर चालत होते. पट्टीचा संशय घेतला. नवी पट्टी लावली, तरी तेच. मग तो पुन्हा पाणी आणावयास उठला, तेव्हा शिवांजली म्हणाली, "आबा, किती धुता? मला झोप येतीय." ती झोप साधी नव्हती, हे तिला तातडीने बीडला नेल्यावर तेथील डॉक्टरांनी सांगितले. आणखी उशीर झाला असता तर पोर हाती लागली नसती, असेही ते म्हणाले. पोर शुद्धीवर येईपर्यंत तो दवाखान्याच्या पायरीवर बसून होता. पहिला अर्ज त्याला तोंडपाठ होता, आणि त्याची लाज वाटत होती.

७) डॉक्टरांनी समजावून सांगितले, की हा आजार गोळ्या-बिस्किटांनी होत नाही. शरीरात इन्सुलिन तयार होणेच थांबते. ते जन्मभर सुईने बाहेरून द्यावे लागते. बाकीच्या दहा मुलांचे हात धुऊन करिष्माताईंनी फेरतपासणी केली. दहाही निरोगी आहेत. म्हणजे आपला अकरा खोटा होता, तसा आपला शून्यही खोटा आहे.

८) अर्जदार इन्सुलिनसाठी आपल्या कार्यालयात आला. तेथील लिपिक सुग्रीव यांनी बसावयास खुर्ची दिली, पाणी दिले आणि सांगितले, "अण्णा, तुमच्या गावात पेशंटच न्हाई. तुमच्याच अर्जावर शून्य झालाय. आता शून्याला इंजेक्शन कुठून देऊ? पुढच्या संक्रांतीला गणना हाय, तवा नाव घालू." महोदय, पुढच्या संक्रांतीपर्यंत पोरीने काय करावे, याबद्दल आपल्या कक्षाचा काही नियम असल्यास तो लेखी कळवावा. वडवणीत हे औषध मिळत नाही. मुलगा बसवेश्वर ते बीडहून बर्फाच्या डब्यात घालून आणतो. एसटीच्या गर्दीत, या उन्हात, बर्फ वाटेतच वितळतो आणि बाटली घरी येईस्तोवर कोमट होते. तापलेले औषध लागू पडत नाही, असे डॉक्टरांनी बजावले आहे.

९) आता अर्जदारास पडलेला मोठा संशय. येत्या गुरुवारी गावाच्या वेशीवर 'बालमधुमेहमुक्त गाव' असा फलक लागणार आहे, आपले वरिष्ठ येणार आहेत, आणि जागरूक नागरिक म्हणून अर्जदाराचाच सत्कार ठेवलेला आहे. पाहुण्यांना ओवाळावयाच्या मुलींत शिवांजलीचे नाव आहे. शून्य करण्याची जी घाई झाली ती अर्जदाराच्या युक्तिवादाने झाली, की या फलकासाठी, हे आपल्या मनास ठाऊक.

१०) आणि संशय एकदा सुटला की मागे मागे जातो. शिवांजली घरी आली, त्या दिवशी आप्पाराव दुकानाच्या पायरीवर येऊन बसले. मग म्हणाले, "अण्णा, आमची अंजू बी अशीच पाणी मागत गेली. आमी म्हणलं, बाहेरची बाधा झाली." अंजू ही त्यांची थोरली नात. दोन वर्षांपूर्वी मेंढरांमागे रानात असताना ती वाळत गेली आणि गेली. तिला काय झाले होते, हे आता कोणी सांगू शकणार नाही. अर्जदारही शपथेवर सांगणार नाही. पण त्या वर्षीही आपल्या तक्त्यात कोठारवाडीपुढे शून्यच होता. तेव्हा यंत्र नव्हते, कोणी विचारले नव्हते. या देशात लेकरांचा हा आजार वर्षागणिक किती वाढला व किती घटला, याच्या रेषा आपण काढता. त्या रेषांतले असले शून्य किती, हा विचार आल्यापासून अर्जदारास अन्न गोड लागत नाही.

११) तरी विनंती की :
अ) कोठारवाडीचा आकडा एक करावा. अकरा नको, शून्य नको.
ब) शिवांजली बसवेश्वर शेटे हिचे इन्सुलिन जवळच्या सरकारी दवाखान्याच्या फ्रीजमध्ये पोहोचते करावे.
क) मुलांचे हात धुतल्याशिवाय कोणाचेही बोट टोचू नये.
ड) अर्जदाराचा पहिला अर्ज दहा मुलांपुरता खरा धरावा, अकराव्या मुलीपुरता रद्द समजावा.

१२) हा अर्ज गहाळ होईल असा अर्जदारास दाट संशय असल्याने त्याच्या तीन प्रती तीन ठिकाणी दिल्या आहेत. गुरुवारी सत्काराची वेळ दुपारी एकची आहे. जेवणाआधीच्या सुईची वेळही तीच आहे. तोवर आकडा दुरुस्त न झाल्यास अर्जदार शाल घेणार नाही. तो नातीला घेऊन व्यासपीठावर येईल, सर्वांदेखत तिला इंजेक्शन देईल, आणि मग बाजूस होईल. फलकावरच्या पडद्याची दोरी पाहुण्यांनी तरीही ओढावयाची की नाही, ते आपण तिच्याकडे बघून ठरवावे.

नम्र, परंतु पोच घेतल्याशिवाय न हलणारा,

(सही)
वैजिनाथ केदारनाथ शेटे

स्थळ : कोठारवाडी
दिनांक : ७ एप्रिल २०२५

सोबत :
१) बीडच्या डॉक्टरांच्या पत्राची झेरॉक्स.
२) सत्काराची निमंत्रणपत्रिका, परत.
३) शिवांजलीचा पासपोर्ट आकाराचा फोटो. नावापुढे चिकटवावा.