धाकट्यावरचा भरवसा

आप्पा, आज कारखान्यातून आलो तो तुम्हाला लिहायलाच बसलो. तुम्ही जॉबर होता, मागांवरची माणसं सांभाळायचात. आता चिंचोळीत टॉवेलच्या कारखान्यात मीही तेच करतो. एक गोष्ट मात्र मुद्दाम तुमच्या उलट करत आलो. कुणाच्या डोक्यावर उभं राहायचं नाही. कारण आम्ही दोघं भाऊ तुमच्या हाताखाली माग शिकत होतो, तेव्हा तुम्ही माझ्या डोक्यावर उभे असायचात. धाकट्याला "चालव रं" म्हणायचात आणि चहाला निघून जायचात. तो धडाधड माग सुरू करायचा, चुकायचा, हसत दुरुस्त करायचा. मी उभ्या धाग्यांचा बीम बदलला की एकेक गाठ तपासणार, चारदा विचारणार, आणि तुम्ही माझ्याजवळून हलायला तयार नसायचात. एकदा मी सगळ्या शेडसमोर ओरडलो, "माज्यावर भरवसा न्हाय व्हय तुमचा?" तुम्ही आवाजसुद्धा चढवला नाहीत. "त्याला अडवलं की तो बिघडतो. तुला एकटं सोडलं की तू अडतोस. ज्याला जे लागतं ते द्यावं की." मला ती निव्वळ सारवासारव वाटली.

गेल्या महिन्यात अक्कलकोटकडचा एक नवा विणकर आला. हात लई चांगला, पण शंका फार. हे धागे बरोबर आहेत का, ताण एवढाच ठेवू का. मी मोठ्या मनानं म्हणायचो, "मला काय विचारतोस, तुझं तू ठरव." मोकळीक दिली म्हणून स्वतःवरच खूश. चार दिवसांमागं त्यानं नवा बीम जोडला आणि अख्खी पाळी नुसता तपासत राहिला, माग सुरूच केला नाही. मी लांबून बघितलं आणि पुढं गेलो. दुसऱ्या दिवसापासून तो यायचाच बंद झाला. आज त्याच्या खोलीवर गेलो, तर गडी पिशवी भरून गावी निघालेला. "सायेब, तुमी माज्याजवळ थांबतच न्हाय. मला वाटलं, मी नकोच हाय तुमाला." सोमवारी ये, पुढचा बीम दोघं मिळून लावू, एवढं म्हणालो. त्यानं पिशवी खाली ठेवली.

मघाशी धाकट्याला फोन करून हे सगळं सांगितलं. वाटलं, हसेल. तो म्हणाला, "दादा, आप्पा माज्याजवळ कदी उभंच राहिलं न्हाईत. तुज्याजवळ तासन्‌तास असायचे. मी बघत असायचो." आप्पा, इतकी वर्षं मी त्याचा हेवा करत होतो आणि तो माझा. "अरे, तुझ्यावर भरवसा होता त्यांचा," मी म्हणालो. त्याला बरं वाटलं असावं, आवाज जरा मोकळा झाला. तुम्हीच राहिला नाहीत, हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगतो. ते भरवशाचं वाक्य म्हणताना आजही माझ्या पोटात दुखलं.