एक्केचाळीस नंबरचं स्थळ

४ जानेवारी २००४, फुलचूर
संकल्प : यंदा लग्न. वय एकतीस, हे चौथं परिचय संमेलन. समाजाच्या केशोरावांनी मुला-मुलींची परिचय पुस्तिका कॉम्प्युटरवर करायचं काम दिलंय. फुकट. पण सॉफ्टवेअर पाहूनच मुलीकडचे माझी चौकशी करतील. सकाळी फिरायला जाणं उद्यापासून.

९ जानेवारी
कॉम्प्युटरच्या दोन भाषा : माहिती भरायची बेसिकमध्ये, छापायची सीमध्ये. दोघांचं पटत नाही. मजकूर म्हणजे धानाचं पोतं धरा. बेसिक पोत्यावर वजन लिहितं, तोंड बांधत नाही. सी वजन वाचतच नाही, सुतळी, म्हणजे मजकूर संपल्याची खूण, दिसेपर्यंत ओतत राहतं. मजकूर इकडून तिकडे न्यायची सोय कंपायलरमध्येच, म्हणजे प्रोग्रॅम चालता करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येच, आहे म्हणे. ती आळशी लोकांसाठी. मी स्वतःचा पूल लिहिणार. दोन दिवसांचं काम.

२० जानेवारी
पूल अर्धा. थकलो. लाईट रोज सहा तास गुल. आई विचारते, काऊन त्या मशीनकडे पाहून राहिला, ते का तुले भात रांधून देईल? मोठ्या कामात घरचे असेच असतात. फिरणं थंडी कमी झाल्यावर.

२८ जानेवारी
पूल तयार! प्रत्येकाला शंभर अक्षरांची जागा. लोक 'दहावी पास, शेती' एवढ्यात आटपतात, उरलेल्या जागेत सुतळी बसते. एक्केचाळीस नंबरला मी. बी.एस्सी., स्वतंत्र सॉफ्टवेअर, स्वभाव गंभीर, पुढेमागे परदेश शक्य वगैरे. बरोब्बर शंभर अक्षरं. सुतळीला जागा नाही उरली, पण कापण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

८ फेब्रुवारी
संमेलन, दवनीवाडा. पाचशे प्रती वाटल्या. प्रूफ पाहिलं नाही. आपल्याच कामावर संशय कशाला? नवेगाव बांधचे यादोराव माझं पान दुमडून घेऊन गेले. सोबत मुलगी, योगेश्वरी. कॉम्प्युटर डिप्लोमा झालेली. जमलंच समजायचं.

१५ फेब्रुवारी
यादोराव मुलीला घेऊन घरी आले. पोह्यांवर मी पूल समजावला, चाळीस मिनिटं. मग यादोरावांनी विचारलं, ते ठीक हाय गुरुजी, पण शाळेत कवा जाता? अन् आठ एकर धान कोण पाहते?
पुस्तिका उघडली. 'परदेश शक्य'ला चिकटूनच : सरकारी शाळेत गुरुजी, आठ एकर धान, विहीर. बेचाळीस नंबरच्या चुन्नीलालची माहिती. सुतळी नाही म्हणून शेजारचं पोतंही माझ्यात ओतलेलं.
खरं सांगितलं. वाईट वाटलं. यादोराव म्हणाले, आमी त गुरुजी पाहाले आलो होतो बाप्पा. चुन्नीलालचा पत्ता मागितला. दिला. योगेश्वरीने दारात विचारलं, कंपायलरची सोय काऊन नाही वापरली? एकच शब्द लिहावा लागते. म्हटलं, ती आळशी लोकांसाठी असते. बरं, म्हणाली.

२ मे
चुन्नीलालच्या लग्नाचं कार्ड आलं. मुलगी योगेश्वरी.
दुपारी कंपायलरची हेल्प उघडली. तो एक शब्द लिहिला, पूल पुसून टाकला. माझी माहिती आता माझ्यापाशीच थांबते. छापून आईला वाचून दाखवली.
आईने पुढचं ऐकायला थोडी वाट पाहिली. मग विचारलं, एवढंच हाय का?