खसपाण्याचा जळका घाणा

अब्बाजान,

सलाम. घरात आपण उर्दूत बोलायचो, पण दुकानाची सगळी पत्रं तुम्ही माझ्याकडून मराठीत लिहून घ्यायचे. म्हणून हेही मराठीतच लिहिते.

तुम्ही गेल्याचा चाळिसावा दिवस होऊन आज आठ दिवस झाले. आज दुपारी मी आपल्या देगेखाली, त्या तांब्याच्या मोठ्या हंड्याखाली, जाळ घातला. चाचांनी देग मोडीत काढायचं ठरवलं होतं. जुनं तांबं घेणारा माणूस सकाळीच दारात येऊन उभा राहिला होता. तो रिकाम्या हाताने परत गेला. हे तुम्हाला माझ्याच तोंडून कळावं म्हणून लिहायला बसले. आणि एक गुन्हाही कबूल करायचा आहे.

उमरखेडच्या बाजारात तुमच्या खसपाण्याची काय ऐट होती, अब्बा! वाळ्याच्या मुळ्या देगेत उकळायच्या, वाफेचं थंड झालेलं पाणी नळीतून उतरवून घ्यायचं, त्यात चंदनाच्या तेलाचे थेंब. दाढी झाली की गिऱ्हाईक न्हाव्यापुढे गाल करायचं आणि म्हणायचं, "मियाँचं लाव." विलायती कलोनच्या बाटल्या न्हाव्यांच्या फळीवर धूळ खात पडायच्या.

मग विदर्भ मुंबई राज्यात गेला त्या वर्षी तुम्हाला मुदतीचा ताप आला. मी सोळा वर्षांची होते. ताप उतरला, तुम्ही चुलीपाशी शेकत बसले होते, आणि मी अंगणातून ओरडत आले, "अब्बा, दूध जळून राह्यलं!" भांडं तुमच्यापासून हातभर अंतरावर होतं. तुम्ही भांड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तुमचा तो चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही. तुम्ही उठून अत्तराची कुपी उघडली, नाकाशी धरली, खाली ठेवली. दुसरी उघडली. तीही खाली ठेवली.

"काहीच येत नाही, जैबू," तुम्ही म्हणाले. "कोणाले सांगू नको. अम्मीलेही नाही."

मी सांगितलं नाही. बंजारा तांड्याचे नाईक सोमलाकाका बैलावर लादून पैनगंगेकाठच्या मुळ्या आणायचे, तेव्हा तुम्ही जुडी उचलून नाकाशी न्यायचे आणि हळूच माझ्याकडे पाहायचे. मी मान हलवली की तुम्ही म्हणायचे, "ही नको, नाईक, दुसरी काढ." जाळ कधी वाढवायचा, कधी ओढायचा, चंदन किती घालायचं, सगळं मी नळीखाली बोट धरून सांगायचे. दोन वर्षांत तर मी तुमच्याही पुढे गेले. तुम्हीच म्हणाले होते तसं!

मग यवतमाळचे घाऊक व्यापारी मदनशेठ आले. त्यांनी बाटली उघडली, मनगटाला लावली आणि डोळे मिटून म्हणाले, "मियाँ, तुमच्या नाकाले सलाम." मी दाराआड चहाचा ट्रे धरून उभी होते. वाटलं, आता तुम्ही सांगाल. तुम्ही फक्त हसले.

ते गेल्यावर मी विचारलं, "माझं नाव काहून नाही सांगितलं?"

"मर्दाच्या गालावर लावायची चीज पोरीनं बनवली म्हटलं तर कोण घेईन, बेटी? अन् तुह्या लग्नाचं काय?"

मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशीच्या घाण्यात देगेतलं पाणी कमी पडलं आणि मुळ्या तळाला लागल्या. नळीतून उतरणाऱ्या पाण्याला धुराचा वास होता. तुम्ही विचारलं, "कसं आहे?"

मी म्हटलं, "चांगलं आहे."

"चांगलं?"

"हो."

तुम्ही जाळ ओढला. मग स्वतःच्या हाताने बाटल्या भरल्या.

आठवड्यात सगळा माल परत आला. भर बाजारात न्हावी ओरडत होता, "मियाँ, गिऱ्हाइकाच्या गालाले राखेचा वास येऊन राह्यला! हे कायचं पाणी दिलं?" तुम्ही दुकानाच्या पायरीवर हात जोडून उभे राहिले. "माझं नाक चुकलं, भाऊ." मदनशेठनेही पेट्या परत पाठवल्या. तुम्ही एकेक बाटली नालीत ओतली आणि मला एका शब्दाने बोलले नाही. काहून नाही बोलले, अब्बा? एक थप्पड मारली असती तर मी रडून मोकळी झाले असते. त्यानंतर तीन वर्षं आपण एकत्र काम केलं. रोज वाटायचं, आज सांगावं. आणि मग एका सकाळी तुमच्या छातीत कळ आली, दुकानातच, बसल्या जागी.

चाळिसाव्याला सोमलाकाका आले. ओट्यावर बसले, पागोटं मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "जैबू, त्या जळक्या घाण्याचं तुले सांगाचं राह्यलं. म्या तवाच हुंगलतं. म्या म्हटलं, मियाँ, हे जळलं हाये, बाजारात नको धाडू. तुहा बाप म्हणे, पोरीनं चांगलं म्हटलं. आज तिचा शब्द मोडला तर उद्या ती मले खरं कायले सांगन?"

 म्हणजे तुम्हाला माहीत होतं! तुम्ही माझ्या खोट्या शब्दापायी भर बाजारात मान खाली घातली. पण एक सांगू? तुमचंही चुकलं. त्या गिऱ्हाइकांनी काय केलं होतं? मला समोर बसवून विचारायला हवं होतं. मी सांगितलं असतं, अब्बा. खरंच सांगितलं असतं.

आज सकाळी मदनशेठ दुखवट्याला आले. चाचांशी बोलताना म्हणाले, "मियाँ गेले, खसपाणीही गेलं." तांबंवाला दारात होताच. मी डोक्यावर ओढणी घेतली आणि बाहेर आले.

"शेठ, पाच वर्षांपासून खसपाणी मी बनवते."

"जैबू, आत जा!" चाचा ओरडले.

शेठ हसले. "बापाचं नाव चालवाचं म्हणते पोरगी. चांगलं हाये."

"तुम्ही परत पाठवला तो जळका माल आठवतो? तोही माझाच. मुळ्या तळाला लागल्या होत्या, मला वास आला होता, तरी मी अब्बांना चांगलं म्हणून सांगितलं. अब्बांना तापानंतर वास येत नव्हता. ते माझ्यावर विसंबून होते. चूक त्यांची नव्हती. मला तुमच्यावर राग होता."

शेठचं हसू गेलं. "माह्यावर? काहून?"

"तुम्ही अब्बांच्या नाकाला सलाम केला. नाक माझं होतं."

चाचा कपाळाला हात लावून बसले. शेठ उठले, चपला घातल्या आणि म्हणाले, "माल धाड. पयले हुंगीन, मंग बोलीन."

"मर्दाची चीज अन् पोरीचं नाव! दुनिया हसन," चाचा म्हणाले.

तेव्हा पडद्यामागून अम्मीचा आवाज आला. तुम्ही गेल्यापासून ती धड एक वाक्य बोलली नव्हती. "हसू द्या. देग कुठंच जाणार नाही."

तुम्ही घेऊन ठेवलेल्या मुळ्या मी दोन दिवसांपासून भिजत घातल्याच होत्या. जाळ धरला तेव्हा भीती वाटली, खोटं कशाला सांगू? आत्ता नळीखाली बोट धरून आले. वास अजून कच्चा आहे. घाई करणार नाही.

पुढच्या हिवाळ्यात मी स्वतः सोमलाकाकांबरोबर पैनगंगेवर जाणार आहे. मुळी काढून घेतली की वरचा कोंब परत त्याच मातीत लावायचा, नाहीतर काठ ढासळतो, असं तुम्ही दर वर्षी म्हणायचे आणि दर वर्षी राहून जायचं. आता राहणार नाही. जेवढ्या जुड्या उचलीन तेवढे कोंब माझ्या हाताने लावून मगच घरी येईन. हे माझं वचन आहे, अब्बा.

तुमची,
जैबुन, खसवाली
उमरखेड