भट्टीमागची भिंत

१४ एप्रिल २००३, नागभीड

नागपूरहून परत. उर्वशीच्या पायांच्या दुखण्याला नाव मिळालं — मल्टिपल स्क्लेरोसिस. डॉक्टर भला माणूस. मी लोहार म्हटल्यावर मला कळेल असंच सांगितलं. नसांवर वायरीसारखं वेष्टण असतं. शरीराचेच पहारेकरी ते सोलतात, आणि प्राणवायूपासून बनलेली जहाल द्रव्यं ते वेष्टण जाळत जातात. "लोखंडाला गंज चढतो ना, काहीसं तसं, मुखरूभाऊ."

जन्मभर भात्यानं वारा घातला, त्यावर पोट भरलं. आता तोच वारा पोरीला खातो!

१५ एप्रिल

गंज काढणं तर माझंच काम! आंबटानं लोखंडाचा गंज सुटतो, म्हणून बायकोला, इंदूला, वाळवलेले आवळे काढायला लावले. डॉक्टर म्हणाले होते, "खाऊ द्या, पण त्यानं आजार थांबतो असं सिद्ध झालेलं नाही." तरी दिले. रिकाम्या हातानं बसवत नाही.

२ मे

भिंत धरून दारापर्यंत जाते. जूनअखेर शाळा उघडेल. ती शिकवते त्या तिसरीतली पोरं विचारून जातात, "म्याडम कवा येनार?"

९ मे

लिहायची लाज वाटते. तापवलं की लोखंडाचा गंज झडतो, म्हणून पोरीला भट्टीपाशी बसवून पाय शेकले. ती म्हणत होती, "बाबा, डोयापुढं धुकं आलं." मी म्हटलं, "दम धर, गंज सुटून राह्यला." उठवायला गेलो तर ओल्या कापडासारखी ढासळली!

इंदू ओरडली, "पोरगी हाये ते, विळा नोहे!"

एसटीडीवरून डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, उष्णतेनं अशा नसा आणखी मंदावतात, गार करा, उतरेल. ओल्या लुगड्यात गुंडाळलं. दिवस कलताना नजर परतली.

"झोपते कुठे?" असंही त्यांनी विचारलं होतं. तिच्या खाटेमागच्या भिंतीला हात लावला. तापलेला तवाच! पलीकडे माझी भट्टी.

१० मे

भट्टी विझवली.

३ जून

भिंत थंडगार. पाय तसेच — उलट आज दारही गाठलं नाही. डॉक्टर म्हणतात, "आजार भट्टीनं आलेला नाही." मग विझवून काय मिळवलं? आणि दुसरं येतं तरी काय मला!

१४ जून

उर्वशीनं हाक मारली. "बाबा, माही खाट समोरच्या भिंतीले लावा. अन् भट्टी पेटवा."

"काऊन वो माय?"

"शाळा उघडून राह्यली. मले खुर्चीले चाकं पायजेत."

दुपारी माप घेऊन आलो. शाळेच्या दाराचं.