तिसऱ्या बटणावरचं स्टेशन

सांगली, १६ नोव्हेंबर १९९६, शनिवार संध्याकाळ

आज खोटं पकडलं गेलं. बरं झालं की वाईट, कळत नाही.

दादा गेल्यावर त्याची नवी गाडी विकली, पण वहिनींनी तिच्यातला कंपनीचा रेडिओ ठेवून घेतला. आमच्या वडिलांच्या, आप्पांच्या, जुन्या गाडीत बसवून द्या म्हणाल्या. नव्या रेडिओचा प्लग जुन्या वायरिंगला बसेना. मधे अ‍ॅडॉप्टर जोडला, पत्रा कापून चौकट केली. माझ्या गॅरेजात हे रोजचंच. पण रेडिओ काढताना बॅटरीची वायर सुटली, तेव्हाच दादाने बटणांवर लावलेली स्टेशनं पुसली गेली. आणि वहिनींना तर तीच हवी होती.

सांगायचं धाडस झालं नाही. अंदाजाने मीच स्टेशनं लावली. दादाला बातम्यांचं वेड, म्हणून तिसऱ्या बटणावर मुंबई.

आज वहिनी गाडीत बसल्या आणि थेट तिसरंच बटण दाबलं. मराठी बातम्या लागल्या. त्यांनी हात मागे घेतला.

"भावजी, ही स्टेशनं तुम्ही लावलीत ना?"

"हो. जुनी पुसली गेली. माझ्याच हातून."

"तिसऱ्यावर ह्यांनी धारवाड ठेवलं होतं. माझं माहेर तिकडचं म्हणून."

सख्खा भाऊ, आणि मला हे माहीत नव्हतं. कसं नव्हतं?

उघड्या दारातून वाकून मी धारवाड शोधून दिलं. खरखरत कानडी बोलणं सुरू झालं. मला एक अक्षर कळेना. वहिनी मधेच हसल्या आणि स्टिअरिंगमागच्या रिकाम्या सीटकडे वळून त्याचा अर्थ मराठीत सांगू लागल्या.

मी बाहेरूनच गाडीचं दार हळूच लावलं.